बिनगाठीची लोकर

सन २००९. मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि बिरसा गावाहून बांबूचा ट्रक भरून मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला येत होतो. जंगल नाक्यावर बॅरियर खाली. हॉर्न दिला, कोणी येईना. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. तेव्हा चौकीतून खाकी शर्टातला एक माणूस निघाला. अंगानं सुकलेला, गालफडं बसलेली, मिशा मात्र झाडूसारख्या. हातात दोन सुया, सुयांवर अर्धंमुर्धं विणलेलं काहीतरी, आणि लोकरीचा गोळा शर्टाच्या खिशात. विणत विणतच येत होता. मला मान हलवून म्हणाला, "थांब भाऊ. हे ओळ संपू दे. मधात सोडलं तं टाका सुटते."

तोपर्यंत माझी तीस वर्षं स्टेअरिंगवर गेली होती. नाक्यावर झोपलेले पाहिले होते, पत्ते पिटणारे पाहिले होते. पण मिशावाला गडी सुया घेऊन विणत बसलेला पाहिला नव्हता. मला शिसारी आली. खोटं कशाला लिहू? पुढं तर त्यानं आणखी घाण केली. लोकर तुटली होती, तर दोन्ही टोकं त्यानं तोंडात घातली, थुंकी लावली, आणि तळहातावर ठेवून चोळली. टोकं एक झाली.

मी खिडकीतून ओरडलो, "अबे, गाठ मार ना! थुकते काहून?"

"गाठ पाठीले टोचते," तो म्हणाला. "थुकी टोचत नाही."

असा आमचा परिचय झाला. त्याचं नाव नथ्थू हेडाऊ, आमच्या नाक्यावर नुकताच बदलून आलेला. तो आता नाही, आणि मोहल्ल्यात जो तो "बिचारा नथ्थू, बिचारा नथ्थू" करत फिरतो. ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून हे लिहायला बसलो. मी तुमसरला मामाकडं राहून चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी नापास. जसं बोलतो तसं लिहितो. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं गंगेचं पाणी प्यावं.

नथ्थू वारासिवनीचा कोष्टी. बापाचा खड्डामाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. माग विकला, खड्डा मातीनं बुजवला आणि हा जंगलखात्याच्या नाक्यावर चौकीदार झाला. चौकीच्या ओट्यावर बसायचा तर मांडी कधी घालायचा नाही. काठावर बसून पाय खाली सोडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "खड्डा बुजवला डायवर, पन पाय अजून खालीच लोंबते."

लोकरीचं त्याला बायकोनं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, ती विणायची आणि हा पाहायचा. पोरगा रवी लहान असताना ती तापानं गेली. रवीचा स्वेटर सुयांवर अर्धा होता. बायाबापड्या म्हणाल्या, पूर्ण करून देतो. यानं कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःच बसला, चुकला, उसवलं, परत बसला. पोरानं तो घातला तेव्हापासून नथ्थूच्या सुया थांबल्या नाहीत.

लोकर तो नवी घेत नसे. कटंगीच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग लागतात, त्यात फौजी स्वेटर यायचे. अस्सल लोकर, पण कोपरावर फाटलेले, घामानं वास मारणारे. तो ते माझ्या ट्रकमधून आणायचा. केबिनमध्ये असा वास सुटायचा, जशी ओली मेंढी शेजारी बसवली. घरी नेऊन रिठ्यानं धुवायचा, उसवायचा, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळवायचा. मग विणायचा आणि वाटायचा. पैसा घ्यायचा नाही. शेजाऱ्याचं बाळंतपण, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणी दवाखान्यातून घरी आला, की हा निघाला पिशवी घेऊन. चार-पाच हिवाळ्यांत सगळा मोहल्ला त्या हिरव्या रंगात दिसू लागला. जसा काही आमचा वॉर्डच फौजेत भरती झाला.

त्याची माप घ्यायची रीत वेगळीच. फीत नाही, दोरा नाही. तो नुसता तुमच्या पाठीवर हात ठेवायचा. अंगठा मानेच्या मणक्यावर, करंगळी खाली, मग वीत सरकवत कंबरेपर्यंत. मग आडवी एकदा, खांद्यापासून खांद्यापर्यंत. तुम्ही बोलत असायचा आणि इकडं तुमचं माप होऊन जायचं. ते त्याच्या हातात राहायचं, वर्षावर्षानं मागितलं तरी. ज्याच्या पाठीला हात लावला नाही त्याच्यासाठी तो विणत नसे. माझ्या बायकोचं माप ती त्याच्या पाया पडताना झालं. तिला शाल मिळाली. ती अजून वापरते आणि वरून मला टोमणे मारते, "तुमची पाठ काय सोन्याची हाये?"

कारण मी हात लावू दिला नव्हता. त्याचा हात पाठीशी आला की मी खांदा झटकायचो. साफ सांगितलं होतं, "नथ्थू, तुह्या थुकीचं सुटर मी घालनार नाही. थंडीनं मरंन, चालते."

तो हसायचा. "मरू नको डायवर. बॅरियर लावलं आहे तुह्या पाठीले, उघडंन कधी तरी."

असू दे. मला स्वेटरची शिसारी होती, पण ती समोरासमोर होती. ज्यांनी हसत हसत घेतले त्यांचं ऐका. पटवाऱ्याच्या घरी मफलर पाण्याच्या मोटारीच्या गळक्या पाइपाला बांधलेला मी पाहिला. किराणावाल्यानं टोपी गरम भगोनं उतरवायला ठेवली. आणि माझा साडू, कटंगीचा, नात्यानं माझाच, म्हणून लाज जास्त. मी आणि नथ्थू बाजार करून त्याच्या घरी चहाला थांबलो, तर अंगणात बकरी बांधलेली आणि बकरीच्या अंगात हिरवा स्वेटर. पुढचे पाय बाह्यांतून काढलेले.

साडूचं तोंड उतरलं. म्हणाला, "ते का, थंडी लय पडली ना भाऊ... गाभन हाये ते."

मला वाटलं नथ्थू आता तरी दोन शब्द बोलेल. तो उठला, बकरीजवळ उकिडवा बसला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. वीत सरकवली. म्हणाला, "गळ्यात कसते तिले. बकरीचं माप मानसासारखं नसते गा. पुढच्या खेपेले पोट सोडून विनतो." आणि खरंच विणला. बकरीसाठी! मी त्या दिवशी साडूचा चहा तसाच ठेवून उठलो. येताना वाटेत नथ्थूशी बोललो नाही. असल्या माणसाशी काय बोलायचं? ज्याला अपमान झालेला कळत नाही त्याच्यासाठी आपण किती तापायचं?

रवी मोठा झाला, शिकला, रायपूरला एका कंपनीत लागला. लग्न तिकडंच केलं. सुरुवातीला सणावाराला यायचा. सकाळी यायचा, बापाच्या पाया पडायचा, दुपारच्या बसनं परत. नंतर तेही गेलं. "बाबा, छुट्टी नहीं मिलती." बापाशी तो हिंदीतच बोलायचा. बाप मराठीत. नथ्थू दर हिवाळ्यात त्याच्यासाठी एक स्वेटर विणायचा. हे स्वेटर जुन्या लोकरीचे नसत. रवीसाठी नवी लोकर, आणि रंग दर वेळी वेगळा. मी बांबू घेऊन रायपूरला जायचो तेव्हा पुडकं माझ्याजवळ द्यायचा. मी ते कंपनीच्या गेटवर द्यायचो, रवी "थँक्यू काका" म्हणायचा, आणि फोनवर बापाला सांगायचा, "एकदम फिटिंग है बाबा."

एकदा गेटवर तो सापडला नाही म्हणून मी पत्ता विचारत घरी गेलो. सकाळची वेळ. रवीसाहेब अंगणात गाडी पुसत होते. हातात निळा फडका. फडक्याला बाही होती.

मी त्या बाहीकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "काका, छोटा पडता है. बहुत छोटा. बाबांना कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल."

खरं होतं, तो आडवा वाढला होता. नथ्थूच्या हातात जे माप होतं ते घर सोडून गेलेल्या पोराचं होतं. पोराची पाठ रायपूरला वाढत गेली आणि बापाच्या तळहातावर तेवढीच राहिली. पण छोटा पडतो तर येऊन सांगावं, पाठ द्यावी. गाडी पुसावी? मी पुडकं ओट्यावर टाकलं आणि पाणी न पिता निघालो.

नाक्यावर नथ्थू वाटच पाहत होता. "घालून पाह्यला का त्यानं? बाह्या पुरल्या?"

मी आयुष्यात गोड खोटं बोललो नाही. माझ्या जिभेला ते वळण नाही. मी म्हटलं, "तुहा पोरगा तुह्या सुटरनं गाडी पुसते. मी डोयानं पाह्यलं."

सुया थांबल्या. इतक्या वर्षांत ओळीच्या मधात त्याच्या सुया थांबलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. मग म्हणाला, "रोज पुसते?"

"मले का मालूम? पुसत असंन."

"मंग रोज हात लागते त्याचा," तो म्हणाला आणि पुढची ओळ विणू लागला.

त्या वाक्याची मला इतकी किळस आली की काय सांगू. माणसानं इतकं वाकू नये. बांबूसुद्धा एका जागी कडाडतो. मी म्हटलं, "तुह्यात हाड आहे का नथ्थू?" तर तो म्हणे, "लहान झालं असंन. पाठ रुंद झाली असंन त्याची. चूक माही आहे, माप शिळं होऊन गेलं." आणि त्या दिवसापासून त्यानं एकच धरलं. रवी येऊन पाठ देईल तेव्हाच त्याचा पुढचा स्वेटर. शिळ्या मापानं विणणार नाही.

नथ्थू नोकरीतून सुटला. नाक्यामागच्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं घर, माझ्या घरापासून चार घरं सोडून. मीही गाडी सोडली, गुडघे गेले. मग साखरेनं त्याचे डोळे गेले. आधी धूसर, मग काहीच नाही. विणायला त्याला डोळे लागत नव्हते, बोटं मोजायची. लोकरीचा रंग मात्र विचारावा लागे. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं माझ्या बायकोकडून नवी लोकर आणवली. मला विचारलं, "कोनता रंग आहे सांग."

"वांग्यासारखा."

"रव्याले शोभते," म्हणाला. खालचा काठ विणला, चार बोटं उंच, आणि थांबला. सुया तशाच लोकरीत खोवून उशाशी ठेवल्या. "माप आलं का पुढं धरतो."

मी रवीला फोन लावला. म्हणाला, दिवाळीत येतो. दिवाळी गेली. परत लावला. म्हणाला, "काका, नया साल के बाद पक्का." नथ्थू रोज सकाळी ओट्याच्या काठावर पाय सोडून बसायचा. कोणाच्या चपलांचा आवाज आला की मान वळवायचा. "रव्या का?" दूधवाला असो, पेपरवाला असो. "रव्या का?" मी गेलो तरी, "रव्या का?" पौष लागला. तो खोकू लागला, हातांना कंप सुटला. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात ठेवा, तो म्हणाला मी इथून हललो आणि तो आला तर?

एका सकाळी मला ते असह्य झालं. दया आली म्हणून नव्हे. वैताग आला. रोज उठून एका माणसाला चपलांच्या आवाजाला मान वळवताना पाहायचं, आणि ज्याच्यासाठी वळवायची त्याला रायपूरला ऊन खात गाडी पुसताना आठवायचं. मी शर्ट वर केला, त्याच्यापुढं पाठ करून बसलो आणि म्हटलं, "घे. घे माप. माही घे. अन् संपव हे एकदाचं."

मागं त्यानं खोकला आवरला. मग हात आला. थंडगार. अंगठा मणक्यावर. वीत सरकली. डाव्या खांद्यावर येऊन थांबली, परत गेली, परत आली.

"डावा खांदा उतरला आहे तुहा," तो म्हणाला. "गेर बदलू बदलू."

"बदलू बदलू नाही, तुह्या नाक्यावर हॉर्न दाबू दाबू. माप झालं का?"

"आत्ता कुठं उघडलं बॅरियर. घाई काहून करते?" आणि हसता हसता खोकत राहिला. मग म्हणाला, "पन हे रव्याले नाही बसनार. ज्याची पाठ त्यालेच बसंन."

"मले नाही पाहिजे."

"तुले कोन दिऊन राह्यलं? मी तं माप घेऊन राह्यलो."

त्या दिवसापासून "रव्या का?" बंद झालं. मी गेलो की "ये डायवर" म्हणायचा. वांगी काठ उसवून त्यानं नव्या मापानं परत धरला. कापऱ्या हातांनी विणायचा. टाका सुटला की बोटानं शोधायचा, उसवायचा, परत. लोकर संपली की टोक तोंडात घालायचा. मी तोंड फिरवायचो. पाठ झाली, पोट झालं, दोन्ही बाह्या झाल्या. खांदे जोडले. गळ्याचे टाके सुईवर घेतले होते. त्या सकाळी माझी बायको त्याला चहा द्यायला गेली आणि कप तसाच घेऊन परत आली.

रवी आला. जॅकेट घालून, बायकोला घेऊन, मोठ्यानं रडत. वैनगंगेच्या काठावर त्यानं बापाला अग्नी दिला आणि माझ्या गळ्यात पडला. "काका, मी येणारच होतो." मला त्या रडण्याचीही किळस आली. रडणं खोटं नव्हतं, तेवढं मला कळतं. पण भिंत पडल्यावर छत धरायला धावणाऱ्याचं मी काय करू?

आमच्याकडं मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. गाठोडं बांधतात आणि नदीवर सोडतात. दिवस झाले त्या दुपारी रवीनं गाठोडं बांधलं. खाकी शर्ट, धोतर, पांघरूण. उशाशी तो वांगी रंगाचा स्वेटर होता, गळ्यात सुई तशीच. रवीनं तो उचलला, जॅकेटवरून छातीला लावून पाहिला. "मेरे लिए बना रहे थे," बायकोला म्हणाला. मग खांदे पाहिले. "पर ये तो छोटा है। एक कंधा भी नीचे है।" आणि गाठोड्यात ठेवला.

मी पुढं झालो आणि काढून घेतला.

"काका, वो बाबा का है. नदीत जाईल."

"नाही," मी म्हटलं. "हे मेलेल्याचं नाही. माहं आहे."

"तुमचं? तुम्ही तर कधी..."

"खांदा पाह्य," मी म्हटलं. त्यानं माझा डावा खांदा पाहिला, स्वेटरचा पाहिला, आणि गाठोड्याची गाठ मारली. त्या दिवशी त्याचं एवढं एक वागणं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकची जुनी पेटी उघडली. ताडपत्री शिवायचा सुआ काढला, सुतळी ओवली, आणि गळ्याचे उघडे टाके एकेक करून सुतळीवर घेतले, जसा ताडपत्रीचा काठ आवळतात तसा. मला दुसरं येत नाही. बायको दारात उभी राहून पाहत होती, पण टोमणा मारला नाही. सुई काढून घेतली, सुतळी ओढली, मागं मानेवर कचकचीत गाठ मारली आणि स्वेटर अंगात घातला. बसला. डावा खांदासुद्धा. नव्या लोकरीचा वास येत होता आणि दुसराही एक, तो कशाचा ते मला माहीत होतं.

तसाच नाक्यासमोरच्या टपरीवर गेलो. दोघे-चौघे गळ्याची सुतळी पाहून हसले. टपरीवाला म्हणाला, "काकाजी, ये कौन सा फैशन है?" मी म्हटलं, "चहा दे." कप घेतला आणि बाकावर नाक्याकडं पाठ करून बसलो. उन्हं वर येईपर्यंत बसलो. मानेला सारखं टोचत होतं. लोकर नाही. सुतळीची गाठ, माझीच.